माळ काढून येऊ का?

गेल्या महिन्यातल्या बैठकीत आमच्या संघटनेच्या जाहीरनाम्याचा नवा मसुदा वाचून दाखवला. पहिलं कलम हिंसेबद्दल, दुसरं संपत्तीतल्या हक्काबद्दल. त्यांवर फारसं बोलणं झालं नाही, होण्यासारखं काही नव्हतंच. तिसरं कलम एका ओळीचं होतं : संघटनेची सभासद निरीश्वरवादी असेल. वाचणारी चौथ्या कलमाकडे वळत होती, तेवढ्यात मागून प्रश्न आला, "म्हणजे मी माळ काढून येऊ का?"

विचारणाऱ्या आमच्या मावशी. दौंड तालुक्यातल्या, साठी उलटलेल्या, गळ्यात तुळशीची माळ. प्रश्नात राग नव्हता. रेशनकार्डाला कोणता दाखला जोडायचा असं विचारावं, तसं त्यांनी विचारलं. एकदोघी हसल्या. एक जण म्हणाली, "मावशी, ते तुमच्यासाठी नाही हो." मावशींनी मान डोलावली आणि गप्प बसल्या. मला त्या हसण्यापेक्षा ते उत्तर जास्त लागलं. मावशींसाठी नाही, तर मग कलम कुणासाठी आहे? नियम आपल्यासाठी आणि सवलत मावशींसाठी, असं आपण न ठरवताच ठरवून टाकलेलं दिसतं.

आता कबुली देते. मसुदा लिहिणाऱ्या तिघींपैकी मी एक होते आणि ते तिसरं कलम माझ्या हातचं आहे. लिहिताना मला त्यात काही धाडस केल्यासारखंही वाटलं नव्हतं. तीस वर्षं चळवळीत काढल्यावर काही वाक्यं हाताला आपोआप येतात. ते कलम काढून टाकावं, असं आज माझं मत झालं आहे. पुढच्या बैठकीत यावर मतदान आहे, म्हणून त्याआधी हे सविस्तर लिहिते आहे.

मावशींबद्दल थोडं सांगायला हवं, कारण इथे त्यांची बाजू 'भोळी भाविक बाई' अशी मांडली जाण्याची भीती आहे. त्यांच्या गावातलं देशी दारूचं दुकान बायकांनी बंद पाडलं. ज्यांनी हे काम केलं आहे त्यांना माहीत आहे की 'आडवी बाटली' मंजूर व्हायला मतदानाला आलेल्या बायकांचं बहुमत पुरत नाही. यादीत नाव असलेल्या एकूण बायकांपैकी निम्म्याहून अधिक मतं पडावी लागतात. म्हणजे जी ऊसतोडीला गेली, जी माहेरी बाळंतपणाला गेली, जी मेली पण यादीत राहिली, ती प्रत्येक जण दुकानदाराच्या बाजूने मोजली जाते. या यादीचा पाठपुरावा घरोघरी कुणी केला, तर गावच्या भजनी मंडळाच्या बायकांनी. दर एकादशीला जमण्याची त्यांना सवय होती, एकमेकींची दारं माहीत होती, आणि भजनाला जाते म्हटलं की घरातून अडवत नसत. आमची पत्रकं नंतर पोचली. जिंकल्यावर मात्र आपल्या अहवालात आपण लिहिलं, 'संघटनेच्या पुढाकाराने'.

आपल्याकडे पुरोगामी आणि प्रतिगामी ही दोन खोकी तयार असतात. भेटलेल्या माणसाला आपण पाच मिनिटांत कुठल्या तरी एका खोक्यात टाकतो, आणि टाकण्याची खूण बहुतेक वेळा देव ही असते. देव मानत नाही, हार घालत नाही, सत्यनारायण करत नाही : पुरोगामी. माळ, बुरखा, उपास, क्रूस : दुसरं खोकं. ही खूण सोयीची आहे, कारण ती दुरून दिसते. बाईला काय मिळालं, हे मात्र दुरून दिसत नाही. त्यासाठी सातबारा बघावा लागतो. अंधश्रद्धेविरुद्ध तळमळीने बोलणाऱ्या एका सद्गृहस्थांच्या बहिणीने वडिलांच्या जमिनीचं हक्कसोडपत्र करून दिलेलं मी पाहिलं आहे, भावाच्या प्रेमाने म्हणे. तेही महाराष्ट्रात १९९४ साली मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत समान हक्क मिळाल्यानंतर. आणि एका कीर्तनकाराने दोन मुलींची नावं हयातीतच सातबाऱ्यावर चढवलेलीही पाहिली आहेत. त्यावरून कीर्तनकार चांगले आणि नास्तिक वाईट असा निष्कर्ष काढायचा नाही. ती खूण आपल्या कामाची नाही, एवढंच म्हणायचं आहे.

मावशी पॅसेंजर पकडतात ती केडगाव स्टेशनवर. त्याच केडगावात पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन आहे. बैठकीहून परतताना रमाबाई माझ्या डोक्यात आल्या त्या बहुधा त्यामुळे. मग दोन आठवडे मी त्यांच्याबद्दलच वाचत होते. आपल्या दोन्ही खोक्यांत न मावणारी इतकी मोठी बाई मराठीत दुसरी झाली नसेल. आणि न मावल्याची किंमत तिने जेवढी मोजली, तेवढीही फार जणींनी मोजली नसेल.

त्यांच्या वडिलांपासूनच गोंधळ सुरू होतो. अनंतशास्त्री डोंगरे कर्मठ वैष्णव. तीर्थयात्रा करायच्या, पुराण सांगायचं आणि मिळेल त्यावर राहायचं. या सनातनी माणसाने बायकोला, लक्ष्मीबाईंना, संस्कृत शिकवलं. त्याबद्दल धर्माधिकाऱ्यांसमोर जाब द्यावा लागला तेव्हा शास्त्राचेच आधार दाखवून आपलं म्हणणं मांडलं. रमाबाईंना संस्कृत आलं ते आईच्या तोंडून. दुष्काळात आईवडील आणि बहीण गेली, आणि रमाबाई भावाबरोबर पायी हिंडत १८७८ मध्ये कलकत्त्याला पोचल्या. तिथल्या विद्वानांनी वीस वर्षांच्या या मुलीला 'पंडिता' आणि 'सरस्वती' म्हटलं. ब्राह्मो समाजाचे केशवचंद्र सेन यांनी तिच्या हाती वेद दिला. बाईने वेद वाचायचे नसतात असं ती तोवर मानत होती. उदारमतवादी माणसाचं हे केवढं मोठं काम! पण याच सेनांनी त्याच १८७८ साली स्वतःच्या मुलीचं लग्न कुचबिहारच्या राजाशी लावलं, आणि ज्या १८७२ च्या विवाह कायद्यासाठी ते स्वतः झटले होते त्यातल्या वयाच्या अटीत ती बसत नव्हती. म्हणजे वेद देणारा हात आणि अल्पवयीन मुलीचं लग्न लावणारा हात एकाच माणसाचा. कुठल्या खोक्यात टाकायचं?

ग्रंथ वाचल्यावर रमाबाईंना काय दिसलं ते त्यांनी पुढे स्वतः सांगून ठेवलं आहे. इतर सगळ्या बाबतींत एकमेकांशी भांडणारे ग्रंथ एका मुद्द्यावर एकमत होते, की बाईची जात वाईट. जातीबाहेर नोंदणी विवाह, दोन वर्षांच्या आत वैधव्य, हाताशी तान्ही मुलगी. १८८२ मध्ये पुण्यात आल्या, आर्य महिला समाज काढला, हंटर आयोगापुढे साक्ष दिली, बायकांना डॉक्टर करा म्हणून सांगितलं. तोवर पुण्याचे सुधारक त्यांच्यावर खूश होते. संस्कृत बोलणारी, शास्त्रार्थ करणारी ब्राह्मण विधवा सुधारणेच्या बाजूने उभी आहे, याहून चांगलं काय असणार?

१८८३ मध्ये त्या इंग्लंडला गेल्या आणि सप्टेंबरात त्यांनी मुलीसह बाप्तिस्मा घेतला. इकडे सनातनी चिडले हे समजण्यासारखं आहे. पण सुधारकांनाही फसवणूक झाल्यासारखं वाटलं. त्यांची रमाबाई त्यांना हवी होती, स्वतःचं स्वतः ठरवणारी रमाबाई नको होती. जोतीराव फुले मात्र १८८५ च्या 'सत्सार'मध्ये त्यांच्या बाजूने उभे राहिले. त्यांनी प्रश्न उलटा फिरवला. एवढी शिकलेली बाई हा धर्म का सोडते याचं उत्तर धर्म सांभाळणाऱ्यांनी द्यावं, असा त्यांचा रोख होता.

आणि ख्रिस्ती झाल्यावर तिकडच्या खोक्यात तरी त्या नीट बसल्या का? छे. वाँटेजच्या ज्या सिस्टर्सनी आसरा दिला, त्यांच्याशीच वर्षानुवर्षं वाद. त्रैक्याचा सिद्धान्त पटत नाही तोवर मान्य करणार नाही. मांसमच्छी खाणार नाही. क्रुसावर लॅटिन अक्षरं कशाला, संस्कृत का नकोत? चेल्टनमच्या महिला महाविद्यालयात शिकत असताना त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवावं का, असा प्रश्न आला तेव्हा बिशपांनी हरकत घेतली : हिंदुस्थानात गेल्यावर लोक काय म्हणतील! ख्रिस्ती धर्मगुरूंनी पुण्याच्या ब्राह्मणांच्या नावाने बाईला अडवायचं, हा विनोद रमाबाईंना कळला होता. आपली विवेकबुद्धी एका पुरोहिताकडून सोडवून दुसऱ्याच्या हवाली करायला मी इतक्या दूर आले नाही, हा त्यांच्या पत्रव्यवहाराचा सूर. तिथल्या बायांनी त्याला गर्व म्हटलं.

११ मार्च १८८९ ला मुंबईत शारदा सदन सुरू झालं. पहिली विधवा विद्यार्थिनी गोदूबाई, जी पुढे धोंडो केशव कर्व्यांची पत्नी झाली. सल्लागार मंडळावर रानडे, भांडारकर यांच्यासारखी सुधारणेची मोठी माणसं. सदनात धर्म शिकवायचा नाही असं ठरलं होतं आणि रमाबाईंनी तो शिकवला नाही. पण त्या स्वतःच्या खोलीत पहाटे प्रार्थना करत, दार उघडं असे, आणि काही मुली आपणहून येऊन बसत. एवढ्यावरून वादळ उठलं. 'केसरी'ने हल्ला चढवला तो अपेक्षितच होता. पण १८९३ मध्ये रानडे आणि भांडारकर यांनीही जाहीरपणे अंग काढून घेतलं, आणि पालकांनी मुली काढून नेल्या. घरी गेल्यावर त्या विधवांचं काय झालं असेल, हे आपल्यापैकी कुणाला सांगायला नको. रमाबाईंचं म्हणणं साधं होतं : माझ्या खोलीचं दार मी प्रार्थनेच्या वेळी का लावू?

रानड्यांना मी हिणवत नाही. त्यांच्यावाचून आपण इथे नसतो. पण त्याच सुमारास पुण्यात काय चाललं होतं ते आठवा. ऑक्टोबर १८९० मध्ये पंचहौद मिशनमध्ये चहा झाला. पाहुण्यांत रानडेही होते आणि टिळकही. बभ्रा झाल्यावर दोघांचीही सुटका प्रायश्चित्तानेच झाली. एकाला आपण मवाळ सुधारक म्हणतो, दुसऱ्याला धर्माभिमानी जहाल. चहा एक, प्रायश्चित्त एक. त्या दोघांना परत यायला वाट होती. दार उघडं ठेवून प्रार्थना करणाऱ्या बाईला कुठलंही प्रायश्चित्त उपलब्ध नव्हतं, आणि तिने ते मागितलंही नाही.

पुढची कथा केडगावची. १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून सुमारे ३०० मुली त्यांनी आणल्या. मुक्तीत शेती, विणकाम, छपाई सगळं बायका करत. १८९७ च्या प्लेगात सरकारी बंदोबस्तात बायकांची विटंबना होते असं या ख्रिस्ती बाईने ख्रिस्ती सरकारविरुद्ध वर्तमानपत्रात लिहिलं. उतारवयात त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि अडाणी खेडवळ बाईला समजेल अशा मराठीत अख्खं बायबल मुळातून भाषांतरित करत बसल्या. १९२२ च्या एप्रिलमध्ये त्या गेल्या, १९२४ मध्ये ते बायबल निघालं. धर्म पुरुषांच्या तोंडून ऐकायचा नाही, स्वतः वाचायचा, हे आईपासून चालत आलेलं काम त्यांनी शेवटपर्यंत केलं.

माझ्या शालेय पुस्तकांत त्या नव्हत्या. स्त्री-मुक्तीचा इतिहास शिबिरात शिकवताना मीसुद्धा त्यांना 'शारदा सदन' या दोन शब्दांत उरकत असे आणि सावित्रीबाईंकडे वळत असे. कारण त्या श्रद्धेचं काय करायचं ते मला कळत नव्हतं. आजही सगळं पटतं असं नाही. केडगावात आलेल्या उपाशी, निराधार मुलींना दुसरा धर्म निवडायला मोकळीक कितपत होती, हा प्रश्न विचारायलाच हवा. पोटाची सोय आणि प्रार्थना एकाच हातून मिळत असेल तर 'आपणहून' या शब्दाचं वजन कमी होतं. पण हा प्रश्न तिच्याकडे असलेल्या सत्तेबद्दल आहे. तिच्या श्रद्धेबद्दल नाही. आपण हे दोन प्रश्न सतत एकात एक मिसळतो.

आणि आपले म्हणून ज्यांचे फोटो आपण बैठकीत लावतो? फुले निरीश्वरवादी नव्हते. निर्मिकाला मानणारा 'सार्वजनिक सत्यधर्म' त्यांनी लिहिला, १८९१ मध्ये तो त्यांच्या मागे प्रसिद्ध झाला. बाबासाहेबांनी १९२७ मध्ये महाडला मनुस्मृती जाळली, आणि १९५६ मध्ये लाखो माणसांना घेऊन धम्म स्वीकारला. धर्मच नको असं ते म्हणाले नाहीत. माझ्या तिसऱ्या कलमाप्रमाणे फुल्यांना आमचं सभासदत्व मिळालं नसतं. हे मला लिहिताना सुचलं नाही, याची आता लाज वाटते.

आता विरुद्ध बाजू. ती मी हलक्याने घेत नाही, कारण माझं कलम भीतीतून आलं होतं आणि ती भीती खोटी नाही. १९८७ मध्ये देवराळ्याला रूपकुंवर जळाली, त्यानंतर सतीच्या समर्थनार्थ निघालेल्या मोर्च्यांत बायका होत्या, आणि तो आमच्या श्रद्धेचा हक्क आहे अशी आपलीच हक्काची भाषा त्यांच्या तोंडी होती. १९९२-९३ च्या दंगलीत मुंबईत बायका दोन्ही अर्थांनी रस्त्यावर होत्या, हे त्या वेळी काम केलेल्या मैत्रिणी विसरलेल्या नाहीत. 'सगळ्या बायका बहिणी' हे गाणं त्यानंतर आमच्या गळ्यातून पूर्वीसारखं निघालं नाही.

पण त्याच काळाने आपल्या खोक्यांचाही निकाल लावला. समान नागरी कायद्याची मागणी आपण बायकांच्या हक्कासाठी करत होतो. शहाबानोच्या १९८५ च्या निकालानंतर आणि १९८६ च्या कायद्यानंतर तीच मागणी मुसलमानांना धडा शिकवू पाहणाऱ्यांच्या फलकावर जाऊन बसली, आणि अनेक स्त्री-संघटनांना आपली भूमिका नव्याने मांडावी लागली. मागणीचे शब्द तेच होते. २०१६ ची गोष्ट तर ताजी आहे. शनिशिंगणापूरच्या चौथऱ्यासाठी बायका भांडत होत्या तेव्हा आपल्यातल्याच किती जणी म्हणाल्या, शनीला तेल घालायचा कसला आलाय हक्क? त्याच वर्षी ऑगस्टमध्ये हाजी अलीच्या दर्ग्याचा निकाल लागला. अर्ज करणाऱ्या भारतीय मुस्लिम महिला आंदोलनाच्या बायका होत्या. पूर्वी आपण मजारीपर्यंत जात होतो आणि नंतर बंदी घातली गेली, हे त्यांनी दाखवून दिलं, आणि बोलल्या त्या इस्लामच्याच भाषेत. त्यांच्यामागे ना मौलवी होते ना आपल्यातल्या बऱ्याचशा पुरोगामी मैत्रिणी. एका बाजूला त्या धर्मबुडव्या, दुसऱ्या बाजूला धर्मातच अडकलेल्या. रमाबाईंचाच अनुभव, सव्वाशे वर्षांनंतर.

माझी सूचना अशी आहे. तिसरं कलम काढावं, आणि त्या जागी बाईच्या मनात देव आहे का हे न विचारता तिच्या वागण्याबद्दल विचारावं. तुमच्या घरची मुलगी परजातीत, परधर्मात लग्न करेल तेव्हा तुम्ही तिच्या बाजूने उभ्या राहाल का? विटाळ पाळता का, आणि सुनेला पाळायला लावता का? धर्माच्या नावाने कुणाचं घर जाळलं तर साक्ष द्याल का? भावाने हक्कसोडपत्र पुढे केलं तर सही कराल का? हे प्रश्न मावशींनाही अवघड जातील. विटाळाच्या प्रश्नावर त्या अडखळतील हे मला माहीत आहे, त्यांच्याशी माझं त्यावर भांडण झालेलं आहे. पण ते भांडण आम्ही दोघी एकाच सतरंजीवर बसून करतो. आणि शेवटचा प्रश्न आपल्यातल्या काही निरीश्वरवादी मैत्रिणींनाही अवघड जाईल.

माझ्याबद्दलही थोडं. आई गेल्यावर तिचा बाळकृष्ण माझ्याकडे आला. मी त्याची पूजा करत नाही. पण टाकवतही नाही, कुणाला देववतही नाही. तो माझ्या टेबलाच्या खणात, पावतीपुस्तकं आणि स्टेपलरच्या शेजारी असतो. चळवळीतलं कुणी आलं की मी तो खण बंद करते. इतकी वर्षं मला यात काही वावगं वाटलं नव्हतं. रमाबाईंच्या उघड्या दाराबद्दल वाचलं त्या रात्री वाटलं.

मतदान जूनच्या शेवटच्या रविवारी ठरलं होतं. मावशी तेव्हा तुकोबांच्या पालखीबरोबर पंढरपूरच्या वाटेवर असतील. ज्या कलमामुळे त्या सभासद राहणार की नाही ते ठरायचं, त्यावर त्यांच्याच गैरहजेरीत हात वर करायचे, हे बरं नाही, म्हणून बैठक आषाढी झाल्यावर घ्यावी असं मी कळवलं. त्यावर एका तरुण मैत्रिणीचा निरोप आला : चळवळीचं वेळापत्रक आता पंचांग बघून ठरवायचं का? मी तिला उत्तर पाठवलं की गेल्या तीस वर्षांत आपण दिवाळीत एकही बैठक घेतलेली नाही. तिने अजून काही कळवलेलं नाही.